रोजचे वाक्य

आमच्या गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचे काही वाटत नाही. तिचे आजोबा दातवाले होते. त्यांच्या पाटीचा रंग उडाला तरी गिऱ्हाईक कधी दार चुकले नाही, आणि त्या पाटीखालच्या खोलीत आजोबांच्या स्टुलावर नात बसू लागली तेव्हा लोकांनी नावाचा शेवट तेवढा बदलला.

ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे माप घेतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्याकडे पाठवतात. त्या मापात प्लास्टर ओतून ती जबड्याचा साचा काढते, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवते आणि मेणात एकेक दात रोवते. खोलीत गेले की आधी मेणाचा वास येतो, मग डोळे सरावले की भिंतभर फळ्यांवर ओळीने मांडलेले पांढरे जबडे दिसतात. प्रत्येकाच्या बुडाशी नाव कोरलेले असते. एकदा मी विचारले, "एवढे जबडे भोवती घेऊन बसतेस, भीती नाही वाटत?"

"माणसं प्रत्यक्ष येतात तेव्हा वाटते, मावशी. इथे निदान गप्प बसतात."

मेणातली कवळी तयार झाली की माणसाला बोलावणे जाते. मेण आहे तोवर दात मागेपुढे करता येतात, पक्की कवळी झाल्यावर नाही. म्हणून ती माणसाला खुर्चीत बसवते, मेणाची कवळी तोंडात घालते आणि म्हणते, "आता तुमचं रोजचं वाक्य बोला." ही आजोबांची पद्धत. ते म्हणत, आरशासमोर सगळेच छान हसतात, पण हसायला दिवसाचा कितीसा वेळ लागतो. माणूस उरलेला दिवस जे बोलतो त्यासाठी दात बसवायचे. निवृत्त कंडक्टर आला तो म्हणाला, "पुढे सरका, पुढे जागा आहे." हार्डवेअरच्या दुकानदाराचे वाक्य होते, "आज नाही, उद्या माल येतोय." कोपऱ्यावरच्या घरातले एक गृहस्थ बायकोबरोबर आले. त्यांना काही केल्या वाक्य सुचेना. बायको म्हणाली, "यांचं कसलं आलंय वाक्य? घरात तोंड उघडतील तर शपथ." त्यावर ते म्हणाले, "ऐकतोय मी." दातवालीने त्याच वाक्यावर त्यांचे दात बसवले.

माझे वाक्य "कोण आहे?" असे निघाले. आमचे हे गेल्यापासून मी तेच जास्त बोलते, बंद दारातून. ती म्हणाली, "जरा दमात विचारा, मावशी. घाबरून विचारलंत तर दातही घाबरल्यासारखे बसतील." मग स्पिरिटच्या दिव्यावर सुरीचे टोक तापवून तिने वरचा एक दात केसभर मागे घेतला, आणि माझा आवाज पुन्हा मला माझा वाटू लागला.

तिचे स्वतःचे रोजचे वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होते. संध्याकाळी खोलीचे शटर खडखडत खाली आले की ती मागच्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून वर हाक मारी, "आई, आले गं." वरून आवाज येई, "हात धुऊन ये." कुणाच्या घरात घड्याळ बंद पडले असेल तर ते यावरून लावून घेत.

ती जिला आई म्हणे, ती तिची आत्या.

दातवाल्या आजोबांना तीन मुले: थोरला मुलगा, मग मुलगी, मग धाकटा. थोरला आणि त्याची बायको एका रस्त्यावरच्या अपघातात एकाच वेळी गेले. त्यांची मुलगी तेव्हा नुकती वाक्ये जोडायला लागली होती. आजी आधीच गेलेली. धाकट्याचे लग्न ठरत होते, आणि नव्या नवरीपुढे भावाचे मूल कसे ठेवायचे या विचाराने तो घरात फिरकेनासा झाला. मुलीच्या आत्याने ते मूल उचलले, आपल्या खोलीत नेले आणि आपल्या पलंगाची भिंतीकडची बाजू तिला करून दिली. तिचे स्वतःचे लग्न त्यानंतर झाले नाही. बघायला येणाऱ्यांपुढे मूल मांडीवर घेऊन बसायची तिची तऱ्हा होती. एकाने विचारले होते, "ही इथेच राहणार ना?" त्यावर ती म्हणाली होती, "हो, माझ्यापाशीच. तुम्ही कुठे राहता?"

आत्या टेलिफोन ऑफिसात होती, नंबर जोडून द्यायच्या कामावर. कानाला पट्टा, समोर भोकांची भिंत, आणि दिवसभर एकच: "कोणता नंबर हवाय?" त्या नोकरीने तिच्या बोलण्याला एक कडक इस्त्री लागली होती. शब्द अर्धवट सोडलेला तिला खपत नसे. आम्ही बायका जिन्यात गप्पा मारत असलो तर ती जाता जाता म्हणे, "शेवटचं अक्षर खाल्लंस गं. भूक लागली असेल तर वर ये."

मुलीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आत्याच घेऊन गेली. अर्जात आईचे नाव विचारले होते. वारलेल्या वहिनीचे नाव घातले तर बाजूला "मृत" लिहावे लागणार होते, आणि शेजारी उभी असलेली पोर नुकतीच अक्षरे लावून वाचायला शिकली होती. आत्याने तिथे स्वतःचे नाव घातले. तिने पुढे मला सांगितले ते एवढेच: "तो शब्द तिला तिथे उभ्याउभ्या वाचू द्यायचा नव्हता." मग शाळेत घातलेले तेच नाव पुढे सगळीकडे चढत गेले, दाखल्यावर, ओळखपत्रावर, जिथे जिथे आई विचारतात तिथे तिथे. घरात तर ती आईच होती.

आजोबांनी नातीला शाळेतून आली की शेजारी बसवून काम शिकवले. त्यांचा एक दंडक होता: सगळे दात एका रांगेत उभे करायचे नाहीत, एक तरी किंचित वळवायचा. शाळेच्या कवायतीसारखे दात देवाने कुणाला दिले नाहीत, तर आपण कशाला द्यायचे. नात हे त्यांच्यापेक्षा बरे करू लागली, आणि ते तसे सगळ्यांना सांगतही. मात्र ज्याने गावाचे जबडे मोजले त्याने घराचा कागद केला नाही. "मृत्युपत्र करा हो," असे मी एकदा म्हटले तेव्हा ते म्हणाले, "कोण परकं आहे इथे?" आणि त्यानंतर एका दुपारी, स्टुलावर बसल्या बसल्याच, गेले. समोर कुणाची तरी खालची कवळी अर्धी झाली होती. ती नातीने पुरी करून दिली.

घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले. पुढच्या बाजूला धाकटा मुलगा आणि त्याचा संसार. मागे खाली कामाची खोली, वर दोन खोल्यांत आत्या आणि नात. मधली भिंत एकच वीट जाडीची. तिकडे कुणी शिंकले की इकडे आत्या म्हणे, "पंखा बारीक कर, धाकट्या."

आजोबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा धाकटा एक कागद घेऊन वर आला. मी तिथे चहाला बसले होते. हक्कसोडपत्र होते. तो म्हणाला, "ताई, तू तुझा हिस्सा सोडलास तर नावं कमी होतील, पुढच्या कटकटी कमी. तुला ना नवरा ना मूल, तू कुणासाठी ठेवणार?"

आत्या म्हणाली, "आणि दादाच्या मुलीचं?"

"तिचं तिच्या बापाचं आहेच की. ते कुठे जातंय?"

दुसऱ्या दिवशी जाऊन ती सही करून आली. मी म्हटले, "विचारायचंस तरी कुणाला." ती म्हणाली, "माझं दिलं की त्याचं पोट भरेल. भरल्या पोटी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघत नाही." आपल्या भावाला ती जन्मापासून ओळखत होती, आणि तरीही असे म्हणाली.

वर्ष उलटायच्या आत, जुनी घरे पाडून नव्या इमारती बांधणारा एक माणूस टेप घेऊन खोलीत आला आणि जबड्यांच्या फळ्यांची लांबी मोजू लागला. दातवालीने विचारले, "कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "मालकांनी." ती तशीच पांढऱ्या हातांनी पुढच्या दारी गेली.

काका म्हणाले, "मालक मीच आहे. ताईने तिचं सोडलं."

"आणि बाबांचं? ते माझं आहे ना?"

"तू दादाची मुलगी राहिलीस कुठे? तुला ताईने दत्तक घेतलं. सगळ्या कागदांवर आई म्हणून तिचं नाव आहे. दत्तक गेलेली मुलगी आधीच्या घराला परकी होते, कायदाच आहे तसा. तू ताईची, आणि ताईने सही दिलेली. यात मी वाईट काय केलं ते सांग."

हे सगळे ते शांतपणे म्हणाले. वकिलाने शिकवलेले असणार. काकू आतून म्हणाली, "तिला पाणी तरी विचारा," आणि काका म्हणाले, "पाणी घेतेस?"

आत्या आणि दातवालीबरोबर वकीलबाईंकडे मीही गेले. वकीलबाई तरुण होत्या, बोलताना पेनाचे टोपण काढत-लावत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सोपे करून सांगितले. घर आजोबांच्या स्वतःच्या कमाईचे. मृत्युपत्र नाही. मग हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी आणि आधी वारलेल्या मुलाची मुलगी, तिघांचे सारखे हिस्से. नात ही वडिलांच्या जागी उभी राहते. ती मुलगी आहे म्हणून तिचे कमी होत नाही. आत्याचा हिस्सा सहीने गेला, तो गेला. नातीचा मात्र शाबूत आहे. फक्त एका गोष्टीने तो जाऊ शकतो. आजोबा जाण्याआधी तिला खरोखर दत्तक दिले गेले असेल तर.

"दत्तक घेतलं होतंत?" त्यांनी आत्याला विचारले.

"उचलून आणलं," आत्या म्हणाली.

"तसं नाही. ज्या मुलीचे आईवडील दोघंही नाहीत, तिला दत्तक द्यायचं तर आधी कोर्टाची परवानगी लागते. ती काढली होतीत?"

"मला शाळेच्या हेडमास्तरांची भीती वाटायची, कोर्टात कशी जाणार?"

वकीलबाई हसल्या आणि टोपण लावून ठेवले. "मग दत्तक झालंच नाही. दावा आपला आहे. पण त्यांचे वकील शाळेचे दाखले काढतील, गल्लीतली माणसं आणतील. तुम्हा दोघींना उभं राहून सांगावं लागेल. शपथेवर, स्वच्छ शब्दांत. ही माझी मुलगी नाही. ही माझी आई नाही."

रस्त्यावर आल्यावर दातवाली म्हणाली, "मी असं काही बोलणार नाही. खोली गेली तर गेली. दुसरीकडे भाड्याने बसेन."

"कुठे? कोण देणार आहे तुला जागा, दिवसभर मशीन घरघरणार, प्लास्टर उडणार?" आत्या म्हणाली. "आणि आपण राहायचं कुठे? मापं पाठवणारे डॉक्टर तुझ्यामागे गाव हिंडतील?"

"हिंडू देत नाहीतर न हिंडू देत. मी बोलणार नाही."

"ते तुझ्या बापाचं आहे. माझं असतं तर सोड म्हटलं असतं. माझं सोडलंच की."

दावा दाखल झाला. पुढचे महिने आत्या आणि नात एकमेकींशी फार जपून बोलत होत्या, घरात पाहुणा आल्यासारख्या. शेवटी वकीलबाईंनी तोड काढली. मुलीने एवढेच सांगायचे की माझे आईवडील लहानपणीच गेले आणि मला आत्याने वाढवले. बाकीचे आत्या सांगेल. आत्या म्हणाली, "चालेल. मला सवय आहे. लोक भांडत असताना मीच दोन्हीकडचे नंबर जोडून द्यायची."

त्या दिवसांत काका माझ्याकडे आले होते. म्हणाले, "वहिनी, तुम्ही खरं तेच सांगायचं. ती ताईला आई म्हणते, एवढंच." मी म्हटले, "सांगेन. आणि आमच्या मांजराला ती बाळ म्हणते, तेही सांगेन. मग मांजराचाही हिस्सा काढा." ते पुन्हा आले नाहीत.

तारखेच्या तोंडावर काकांची कवळी मधोमध तडकली. ती आजोबांनीच केलेली, सगळ्यांत शेवटी केलेल्यांपैकी. काकूने ती रुमालात बांधून मागच्या दाराने आणली आणि खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून उभी राहिली. दातवालीने रुमाल सोडला, दोन तुकडे दिव्याखाली जुळवून पाहिले आणि म्हणाली, "संध्याकाळी घेऊन जा, काकू."

मी म्हटले, "अगं, याच दातांनी ते तुझ्याविरुद्ध बोलणार आहेत."

"बोलू देत. आजोबांचं काम आहे, मावशी. असं तुटकं कसं ठेवू?"

वरून आत्या म्हणाली, "नीट चिकटव. कोर्टात पडले तर आपल्यावर येईल."

पण दातांची खरी गरज आत्यालाच होती. तिचे उरलेले दात गेल्या पावसाळ्यातच काढावे लागले होते, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द सरळ करणारी ती बाई आता बोळक्या तोंडाने कमी कमी बोले. कवळी आज करू, उद्या करू म्हणून तिने टाळले होते. वकीलबाईंनी तिचे बोलणे दोनदा विचारून घेतले आणि म्हणाल्या, "साक्षीत शब्द अडखळला तर समोरचे वकील त्यावरच खेळतील. दात बसवून घ्या."

मग नातीने तिचे दात केले. साच्याच्या बुडाशी ओल्या प्लास्टरवर सुईने नाव कोरायचे असते, तिथे तिने "आई" असे कोरले होते. मी ते पाहिले, आत्यानेही पाहिले असावे.

मेणाची कवळी तोंडात घालून बघायची त्या दिवशी मी खोलीत होते; माझी खालची बाजू टोचत होती म्हणून गेले होते. आत्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. नातीने कवळी घातली, हनुवटी बोटाने वर केली आणि नेहमीसारखे म्हणाली, "बोल. तुझं रोजचं वाक्य."

मला वाटले ती "हात धुऊन ये" म्हणेल. किंवा नोकरीतले, नंबराचे. आत्याने समोरच्या फळ्यांवरच्या जबड्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "ही माझी मुलगी नाही. ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. हिला मी दत्तक घेतलेलं नाही."

दातवालीच्या हातात तापवलेली सुरी होती. ती तशीच धरून ती उभी राहिली.

"हे रोजचं नाही," ती म्हणाली.

"आता काही दिवस रोजचंच आहे. सकाळी उठले की म्हणते, निजताना म्हणते. बघ, 'दत्तक' नीट येत नाही. जीभ दातांवर टेकायच्या आधीच शब्द निसटतो."

खरेच निसटत होता. मलाही ऐकू आले. दातवालीने तिच्यासमोर गुडघे टेकले, कवळी काढून घेतली, वरच्या पुढच्या दातांखालचे मेण मऊ करून ते थोडे खाली ओढले, आणि पुन्हा घातली.

"म्हण."

आत्याने म्हटले. "दत्तक" अजून बोबडाच होता. नातीने पुन्हा कवळी काढली, पुन्हा सुरी तापवली. असे कितीतरी वेळ चालले. एक म्हणे, "म्हण," दुसरी म्हणे, "ही माझी मुलगी नाही," आणि पहिली मान तिरकी करून, डोळे मिटून, फक्त आवाज ऐकत राही. मी माझे टोचणे न सांगताच उठून आले. मी दाराबाहेर पडत होते तेव्हा मागून "दत्तक" हा शब्द खणखणीत आला आणि दातवाली म्हणाली, "हं. आता आलं."

कोर्टाची खोली लहान होती. उंच खिडक्या, एका कुशीवर झुकलेला पंखा. काकांच्या वकिलांनी आत्याला शाळेचा दाखला दाखवला.

"यावर आई म्हणून तुमचं नाव आहे?"

"आहे. मीच लिहिलं."

"म्हणजे तुम्ही तिची आई."

"नाही. ही माझी मुलगी नाही. ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. हिला मी दत्तक घेतलेलं नाही."

एक अक्षर गळले नाही. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिले. असे स्वच्छ बोलणारी माणसे त्यांना क्वचित भेटत असावीत. काका खाली बघत होते आणि गालाच्या आत जिभेने आपली सांधलेली कवळी चाचपत होते.

"मग ती तुम्हाला आई का म्हणते?" वकिलांनी विचारले.

याचे उत्तर रोज म्हटलेल्या वाक्यात नव्हते. आत्या म्हणाली, "तिला दुसरी कुणी नव्हती म्हणून."

दातवाली मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसली होती. तिच्या नखांत प्लास्टर होते, ते ती काढत राहिली.

निकाल लागायला बराच काळ गेला, पण लागला तो तिच्या बाजूने. आजोबांची नात म्हणून, वडिलांच्या जागी, तिचा तिसरा हिस्सा तिला मिळाला: खालची कामाची खोली आणि तिच्यावरच्या दोन खोल्या. इमारत बांधणारा माणूस टेप घेऊन परत आला नाही. काका गल्लीत सांगत फिरले, "वरच्या कोर्टात जाणार आहे मी. दोघी शपथेवर खोटं बोलल्यात. आजही तिला आईच म्हणते की नाही, तुम्हीच ऐका."

हे आत्याच्या कानावर गेले त्या संध्याकाळी शटर खाली आले, जिन्याच्या तोंडाशी हाक आली, "आई, आले गं." वरून उत्तर आले नाही. थोड्या वेळाने आत्या स्वतः जिना उतरून खाली आली. माझ्या खिडकीतून तो जिना दिसतो.

"हे आता बंद कर," ती म्हणाली.

"काय?"

"शपथेवर सांगून आलेय मी. भिंतीपलीकडे तो बसलाय ऐकत. आत्या म्हण."

"घरात तरी?"

"घरात म्हटलंस की बाहेर तोंडातून जाईल. जीभ आहे ती. आत्या म्हण, नाहीतर काही म्हणू नकोस."

तिने काहीच न म्हणणे पसंत केले. त्यानंतर संध्याकाळी शटर खाली येई, नळाचा आवाज येई, मग जिन्यावर पावले. गल्लीत घड्याळे ज्याची त्याने लावायची. आत्याने आणखी एक केले. फळीवरचा आपला साचा उतरवून घेतला आणि बुडाशी कोरलेला तो शब्द घासून टाकायला लावला. दातवालीने कानस घेतली आणि तिच्यासमोरच घासले. त्या जागी आता बोट फिरवले तर गुळगुळीत लागते.

मी आत्याला म्हटले, "एवढं कशाला? तो काही वरच्या कोर्टात जात नाही. त्याच्यात दम नाही." ती म्हणाली, "सही केली तेव्हाही तू म्हणाली होतीस, विचारायचंस तरी कुणाला. तेव्हा नाही विचारलं. आता कुणाला विचारणार नाही, आणि धोकाही घेणार नाही."

काका खरेच वरच्या कोर्टात गेले नाहीत. मुदत संपली तरी आत्याची भीती संपली नाही. मी मुदतीचे सांगितले तर म्हणे, "कोर्टाचं काय सांगावं." मला वाटते, तोवर तिला ते वाक्य खरोखर रोजचे झाले होते. एकदा जिन्यात एक नवे शेजारी सहज म्हणाले, "तुमची मुलगी फार गुणी आहे हो." आत्या थांबली आणि त्यांना पूर्ण, स्वच्छ वाक्यात सांगून पुढे गेली. ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले.

मग तिच्या छातीत पाणी झाले. दवाखान्यात नेले त्या दिवशी ती बोलत होती, दुसऱ्या दिवशी दात काढून ठेवले, त्यानंतर बोलणे झाले नाही. दातवाली तिथेच खुर्चीवर बसून असे. एका सकाळी मी फळे घेऊन गेले तर बाहेर काका उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले.

एक बाई कागद घेऊन आल्या. "जवळचं कोण आहे?"

दातवाली उठली. काका तिच्याआधी म्हणाले, "मी. सख्खा भाऊ." बाईंनी तिच्याकडे पाहून विचारले, "आणि तुम्ही?" तिने तोंड उघडले आणि मिटले. काका म्हणाले, "भाची आहे ती." वाईट आवाजात म्हणाले नाहीत. त्यांचे डोळे लाल होते. बहीण होती ती त्यांची, पंखा बारीक कर म्हणणारी. त्यांनी सही केली. सगळीकडे सही त्यांचीच झाली, आणि आत्याचे घड्याळ, चष्मा, पिशवी त्यांच्याच हातात देण्यात आली. त्यांनी ते सगळे उभ्या उभ्या धरून ठेवले, काय करायचे ते न कळून.

आत पडद्यामागे आत्या होती. चादर खांद्यापर्यंत. दात नसलेले तोंड आत ओढले गेले होते, आणि क्षणभर मला वाटले, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या पडद्याआड आलो. काका दोन पावले आले आणि मागे सरले. "ही ताई वाटत नाही," ते म्हणाले.

दातवालीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. आत डबी होती, डबीत कवळी. तिने ती कोपऱ्यातल्या नळाखाली धुतली, आपल्या ओढणीने पुसली आणि उजेडाकडे धरून एकदा पाहिली. एक दात किंचित वळवलेला होता, आजोबांच्या रीतीप्रमाणे. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "राहू द्या, आम्ही बसवतो. तुम्हाला जमणार नाही."

"मीच केलेत हे," ती म्हणाली.

तिने अंगठ्याने हनुवटी खाली केली, आधी खालची बाजू, मग वरची, आणि बोटांनी ओठ मिटवून घेतले. चेहरा परत आला. काका भिंतीला टेकून रडू लागले.

मी पडद्याशी उभी होते. दातवाली अजून वाकलेलीच होती. तिचे तोंड आत्याच्या कानाला लागले होते. ती काहीतरी बोलली, अगदी थोडे, एखादे वाक्य असेल. मला ऐकू आले नाही. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच ती इतकी वाकली होती. मग ती उठली आणि हात धुवायला गेली.